शेवटच्या होडीचा दिवा

गार्डसाहेब माझ्या चष्म्याच्या दुकानात शिरले की आधी डाव्या हाताच्या स्टुलाला धडकायचे, आणि मग स्टुलालाच झापायचे. "ह्याला काई दिवा-बिवा हाय का न्हाई? मधीच उभं ऱ्हायलंय." स्टूल दुकान उघडल्या दिवसापासून तिथंच होतं. गिऱ्हाईक त्याच्यावर बसून आरशात फ्रेमा लावून बघायचं, दुसऱ्या कुणाला ते कधी आडवं आलं नव्हतं. पण साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. धडकणाऱ्याची चूक नसते, जो दिसत नाही त्याची असते. एवढ्या एका मतावर ह्या माणसानं जन्मभर नोकरी केली, आणि नोकरी संपल्यावर आम्हा पाच जणांना नेऊन गोदावरीत घातलं.

ते मालगाडीचे गार्ड होते. मुदखेडला असताना बायको गेली, एकुलती लेक लातूरला दिलेली, म्हणून निवृत्तीनंतर नांदेडला दोन खोल्या घेऊन एकटेच राहायचे. मालगाडीचा गार्ड म्हणजे सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटा बसलेला माणूस. पुढं पन्नासेक डबे, मागं नुसते रूळ, आणि डब्याच्या पाठीला एक लाल दिवा. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस तो दिवा बघतो. दिसला तर गाडी पूर्ण गेली. नाही दिसला तर काही डबे मागं कुठंतरी सुटून उभे आहेत असं धरायचं आणि मागून येणारी गाडी थांबवायची. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मी झोपेतसुद्धा सांगेन. अलीकडं काही गाड्यांना गार्डाऐवजी एक डबीच लावतात म्हणे. त्या डबीचं नाव निघालं की साहेब कपातला चहा तसाच ठेवायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "साहेब, खरं सांगा. तुमच्या नोकरीत कधीतरी मोठा अपघात झाला असणार. त्याशिवाय माणूस दिव्यापायी इतका येडा होत नाही." आणि खुर्ची पुढं ओढून बसले, आता काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून.

"काईच झालं न्हाई," ते म्हणाले.

"कधीच?"

"कधीच न्हाई. म्हणून तर सांगून राहिलो की."

एवढं बोलून ते चहा पिऊन निघून गेले. माझा फार विरस झाला.

त्यांच्या खिशात कायम चमकत्या पट्टीचं रीळ असायचं. स्कूटरला पट्टी, छत्रीला पट्टी, डब्याच्या पिशवीला पट्टी. गल्लीतल्या एका म्हशीच्या दोन्ही शिंगांना त्यांनी पट्टी गुंडाळली होती, आणि म्हशीच्या मालकिणीनं चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. हंगामात मुदखेडच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालतात, मागं दिव्याचा पत्ता नाही आणि ऊस दोन हात बाहेर आलेला. साहेब स्कूटर आडवी घालायचे. त्यांचा पांढरा शर्ट आणि उभं राहणं बघून ड्रायव्हरला वाटायचं, कुणीतरी सरकारी माणूस आहे. तो बिचारा "कागद हायेत सायेब" म्हणत खाली उतरायचा. "कागद ऱ्हाऊ दे, शेपूट दाखव," असं म्हणून साहेब मागच्या फळीला पट्टी चिकटवायला लागायचे. पट्टी लावून झाल्यावर दहा पावलं मागं जाऊन बघायचे, मग ड्रायव्हरला सलाम ठोकायचे. त्या माणसाला शेवटपर्यंत कळायचं नाही की आपल्याला दंड झाला का बक्षीस मिळालं.

होड्यांचं खूळ गोव्यात लागलं. लेकीनं हौसेनं नेलं होतं. तिथं लोक प्लास्टिकच्या अरुंद होड्यांत बसून, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत फिरत होते. कयाक म्हणतात त्याला. दिवस मावळला तरी एकाही कयाकवर दिवा नाही. साहेबांनी होडीवाल्याशी भांडण काढलं. तो म्हणाला, चालवता येत नाही तर बोलू नका. मग ह्यांनी दोन दिवस शिकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी परत जाऊन भांडले. नांदेडला आल्यावर हळूहळू कयाक जमवल्या आणि विष्णुपुरीच्या धरणाच्या पाण्यावर संध्याकाळी जायला लागले. दुसरे लोक आवडीनं पाण्यात उतरतात, हे भांडण पुरं करायला उतरले होते.

मी उमरीची. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायचं, आत जाऊन बसायचं नाही. पण साहेबांनी मला सोडलं नाही. "डॉक्टरीणबाई, दिवसभर दुसऱ्याचे डोळे बघत बसताव. जरा लांबचं बघत चला." मी दर वेळी सांगायची, मी डॉक्टर नाही हो, नंबर काढते आणि चष्मे विकते. ते दर वेळी मान हलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा डॉक्टरीणबाई. शेवटी गेले एकदा, नवऱ्याला वाटलं हे खूळ दोन दिवसांत थंड होईल. तिथं कॉलेजातले एक प्राध्यापक होते आणि प्राध्यापकांच्या ओळखीचे तिघं. साहेब धरून आम्ही सहा झालो.

पाण्यावर जाण्याआधी साहेब अर्धा तास आमची तपासणी घ्यायचे. कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीलाच बसतो, अंधार पडला की लांबून त्याचं फार तर डोकं दिसतं, आणि तेही वाहत आलेल्या ओंडक्यासारखं. म्हणून दिवा पाहिजे. तो पांढरा पाहिजे, चारी बाजूंनी दिसणारा पाहिजे, आणि काठीवर बांधून आपल्या पाठीमागं, डोक्याच्या वर पाहिजे. पुढं लावला तर आपलेच डोळे दिपतात आणि पुढचं काही दिसत नाही. खाली लावला तर आपलीच पाठ आडवी येते. वल्ह्याच्या पात्यांना पट्टी, म्हणजे कुणाची बॅटरी पडली तर हलणारं काहीतरी चमकेल. जाकिटाला शिट्टी. मी हौसेनं निळा, लुकलुकणारा दिवा आणला होता, तो त्यांनी काढून घेतला. "हा पोलिसाच्या गाडीचा हाय. पाण्यावर पांढरा." त्यांना स्वतःला लाल दिवा सोडवत नव्हता. जन्मभर पाठीशी लाल होता. पण नियम म्हणजे नियम, म्हणून पांढरा बांधला आणि दोन दिवस उदास होते.

आमचा ठरलेला दिवस पौर्णिमेचा. सकाळी ते पांढऱ्या कपड्यात विहारात जायचे, संध्याकाळी तोच शर्ट घालून पाण्यावर यायचे. पांढरा लांबून दिसतो, हे त्यालाही कारण. प्राध्यापक एकदा म्हणाले, "साहेब, एवढं टिपूर चांदणं आहे, दिवे कशाला?"

"चांदण्यात तुमाला नदी दिसती," साहेब म्हणाले. "नदीवरच्या माणसाला तुमी दिसताव का, ते सांगा."

प्राध्यापकांनी गुपचूप दिवा लावला. वर्गात ते कुणाला बोलू देत नसत असं मी ऐकून होते, इथं मात्र त्यांचं काही चालायचं नाही.

साहेबांचं कुणापुढं चालत नसेल तर ते फक्त मामांपुढं. मामा म्हणजे तिथले जुने मासेमार, थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसायचे आणि दिवस मावळताना जाळं टाकायचे. अंगावर काळपट बनियन, तराफा मळून काळा झालेला, आणि दिव्याच्या नावानं शून्य. साहेबांनी त्यांना पट्टी देऊन बघितली, दिवा देऊन बघितला. मामा म्हणाले, "सायेब, मी दिवा लावला की माझं जाळं कुठं हाय ते समद्या पाण्याला कळतंय. सकाळी जाळं बी न्हाई आन मासा बी न्हाई. मंग तुमचा दिवा भाजून खाऊ का?"

आठ दिवस विचार करून साहेब परत गेले, सोबत एक छोटी बॅटरी. "ही गळ्यात अडकवा. बंदच ठिवा. कुणी अंगावर येतंय असं वाटलं तरच दाखवा." मामांनी बॅटरी घेतली आणि घरी नेऊन ठेवली, लाईट गेल्यावर उपयोगी पडते म्हणून. पुढं दर पौर्णिमेला साहेब विचारायचे, बॅटरी कुठाय, आणि मामा म्हणायचे, घरी हाय, एकदम शाबूत हाय.

आता स्टुलाचं सांगते. आधी मला त्याचं हसू यायचं. मग एकदा ध्यानात आलं की हा माणूस कधी उजवीकडच्या काउंटरला धडकत नाही, नेहमी डावीकडंच. वाचायला दिलं तर तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतात. समोरचं सगळं स्वच्छ, आणि कडेचं स्टूल दिसत नाही. मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिथं एक मशीन असतं, त्यात हनुवटी टेकवून समोर बघत बसायचं, आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. साहेबांनी काय करावं? टकाटक बटण दाबत सुटले. मशीननं तपासणीच रद्द धरली. दिवा लागला नव्हता तेव्हाही ह्यांनी बटण दाबलं होतं.

"असं कामून केलंत?" मी बाहेर येऊन विचारलं.

"तिथं दिवा असणारच की. दिसला न्हाई म्हणून नसतोय व्हय?"

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दम भरून बसवलं. काचबिंदू निघाला. मधली नजर शाबूत, कडेची गेलेली, डाव्या बाजूची जास्त. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब टाकून राखायची. स्कूटर बंद, आणि अंधारात पाण्यावर जाणं बंद. स्कूटर त्यांनी त्याच दिवशी पुतण्याला देऊन टाकली. कयाक मात्र एकही दिली नाही. दुकानात येऊन, स्टुलाला धडकून, त्याला न झापता त्याच्यावरच बसले.

"लेकीला सांगू नका," ते म्हणाले. "ती लगीच लातूरला घिऊन जाईल."

"मग जावं की. लेक आहे, नातवंडं आहेत."

"लातूरला नळाला पाणी येतंय का आधी ते बघतेत लोकं. मी तिथं वल्हं कशात मारू, टाकीत?"

मला हसू आलं, आणि हसू आलं तिथंच मी फसले. मी डॉक्टर नसले तरी ह्यातला धोका मला कळत होता. पण त्यांना ह्या वयात एकच गोष्ट उरली होती, महिन्यातून एकदा शेवटच्या होडीत बसून पुढच्या पाच दिव्यांवर नजर ठेवायची, ती माझ्या तोंडून काढून घेणं मला जमेना. शिवाय खरं सांगते, मलाही पाण्याची गोडी लागली होती आणि साहेबांशिवाय आमचा हा सगळा पसारा एक महिना टिकला नसता. थेंब वेळेवर टाकायचे ह्या अटीवर मी गप्प बसायचं कबूल केलं. थेंब ते मिनिटाला मिनिट धरून टाकायचे. त्या बाबतीत त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती.

त्यानंतरच्या दोन पौर्णिमा नीट गेल्या. तिसरी लग्नसराईत आली. काठावरच्या मंगल कार्यालयात डीजे लागला होता, पाण्यावर आमच्या छातीत त्याचे धपके बसत होते. अंधार पडून अर्धा तास झाला असेल, आम्ही परत फिरलो होतो. तिघं पुढं. मी आणि प्राध्यापक जरा डावीकडं थांबलो, कारण प्राध्यापकांना चंद्रासोबत फोटो पाहिजे होता आणि चंद्र काही त्यांच्या खांद्यावर नीट बसत नव्हता. आमच्या दोघांचेही दिवे चालू होते. मागून साहेब आले, आमच्यापासून पंधरा हातांवर, आणि थांबले. दिवे मोजायची त्यांची सवय मला माहीत होती. पुढं पाच दिसले पाहिजेत. त्यांना तीनच दिसले.

त्यांनी शिट्टी मारली. मी शिट्टीनं उत्तर दिलं. डीजेपुढं माझी शिट्टी काय ऐकू जाणार. मी वल्हं वर करून हलवलं, ओरडले, "साहेब, इकडं." ते सरळ समोर बघत होते. मान थोडी जरी डावीकडं वळवली असती तरी आम्ही दिसलो असतो. पण त्यांच्या मनानं घेतलं होतं की दोघं मागं सुटले. आणि शेवटच्या डब्यातला माणूस, काही मागं सुटलं म्हणल्यावर काय करणार? त्यांनी कयाक वळवली आणि आम्हाला शोधायला अंधारात मागं निघाले. आम्ही त्यांच्या बगलेत होतो.

मला त्या क्षणी जी भीती वाटली तशी पहिल्यांदा होडीत बसतानाही वाटली नव्हती. तिकडं सगळी जाळी टाकलेली. सत्तरीला टेकलेला माणूस, कडेचं काही दिसत नाही, आणि हे आम्हा पाच जणांत एकटीला मला ठाऊक. प्राध्यापक म्हणाले, "हे कुठं चालले?" मी म्हणलं, "आपल्याला शोधायला. वल्हवा." आम्ही दोघं मागं लागलो. त्यांचा वेग काय, आमचा काय. पण त्यांच्या डोक्यावरचा तो पांढरा दिवा स्वच्छ दिसत होता, त्यामुळं चुकायचा प्रश्न नव्हता. मग तो दिवा थांबला. एका अंगाला कलला. परत सरळ झाला, परत कलला.

आम्ही पोचायच्या आत तिथं दुसरा उजेड दिसला. मामा होते. जाळ्यात वल्हं अडकून साहेबांची होडी कलंडायला आली होती, आणि मामांनी तराफा लावून ती एका हातानं धरून ठेवली होती. दुसऱ्या हातात, घरी हाय म्हणून सांगायचे ती बॅटरी. "ह्येंचा दिवा दिसला म्हणून आलो ताई," मामा मला म्हणाले. "न्हाई तर म्हणलो असतो, मोठा मासा लागला. सकाळपर्यंत ऱ्हाऊ दे."

साहेबांचं कशाकडंच लक्ष नव्हतं. "मामा, जाळं ऱ्हाऊ द्या. दोन कमी हायेत. डॉक्टरीणबाई न्हाई आन प्राध्यापक न्हाई. त्या बाईला पोहता येत न्हाई हो, मी आणलं तिला." मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. इतकी जवळ की हात लांबवून त्यांच्या खांद्यावर ठेवला. ते दचकले, पूर्ण मान वळवली आणि मला बघितलं.

"कुठं व्हतात?"

"इथंच. तुमच्या डाव्या हाताला."

"दिवा?"

"चालू होता साहेब. दोघांचाही."

ते माझ्या दिव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." काठाला उतरल्या उतरल्या मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, डोळ्यांचं, मशीनचं, माझ्या गप्प बसण्याचं. प्राध्यापक मला जे बोलले ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरला फोन लावला. लेक रडली, मग मलाच म्हणाली, ताई, तुम्ही आधी का नाही सांगितलं.

पंधरा दिवस साहेब दुकानात आले नाहीत. मी दोनदा घरी गेले. पहिल्यांदा त्यांनी जय भीम घातला आणि पेपर वाचत बसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुमी बरोबर केलं, पण मला राग आलाय. तो जाईस्तोवर थांबा." मी म्हणलं, थांबते.

लेक न्यायला आली ती नेमकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. साहेबांनी अट घातली की उद्याचा दिवस थांबायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. त्यांच्या होड्यांत एक दोन जणांची कयाक होती, ती कधी कुणी वापरली नव्हती. मी म्हणलं, त्या होडीतनं नेते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक काठावर हाताची घडी घालून उभी राहिली, आणि साहेब सवयीनं मागच्या सीटकडं निघाले.

"तिथं मी बसणार," मी म्हणलं.

"मागं गार्ड बसतोय."

"माहीत आहे. पुढं व्हा."

त्यांनी मागच्या काठीवरचा दिवा हलवून बघितला. पाणी पायाला लागत होतं. मग पुढच्या सीटवर जाऊन बसले, ताठ. चौघं आमच्या पुढं निघाले, एकेक जण, सगळे दिवे लावून. आमचा दिवा माझ्या पाठीमागच्या काठीवर. थोडं अंतर गेल्यावर त्यांची चुळबूळ सुरू झाली. त्यांनी जन्मभर पुढची माणसं मोजली होती. आता समोर नुसतं पाणी, मधोमध एकदोन दिवे, कडेचे त्यांना दिसत नव्हते आणि मान वळवायची बहुतेक लाज वाटत होती.

"डॉक्टरीणबाई," ते पुढं बघतच म्हणाले, "समदे हायेत का? मोजा."

मी मोजले. "दिवे पाच. माणसं सहा."

"मला धरून?"

दिवा माझ्या मागं होता म्हणून माझं तोंड अंधारात होतं, ते बरं झालं.

"तुम्हाला धरून, साहेब."

त्यांनी वल्हं पाण्यातून काढलं, गुडघ्यांवर आडवं ठेवलं आणि काठापर्यंत मला एकटीला वल्हवू दिलं.